घरची बाग आणि डांसांचा बंदोबस्त

पावसाळा लागला म्हणजे आमच्या घरांतून दोन गोष्टी हटकून बरोबरच सुरू होतात. परसांतल्या जाईजुईला आणि गुलबाक्षीला बहर येतो, आणि दिवेलागणीच्या वेळीं खिडक्या लावून घेण्याची घाई उडते. ज्या बागेला वर्षभर खतपाणी घातलें, तिच्यांत ऐन बहराच्या दिवसांत दहा मिनिटें स्वस्थ उभें राहतां येत नाहीं, असा हा विलक्षण प्रकार आहे. मग कोणी म्हणतो, 'झाडेंच नकोत'. कोणी धुराची वडी पेटवितो. कोणी नगरपालिकेला दोष देऊन पंख्याखालीं बसतो. या तिन्ही उपायांनीं डांसांचें फारसें कांहीं बिघडत नाहीं. म्हणून हा शत्रु कोण, तो जन्मतो कोठें आणि त्याला गांठावा कोठें, याचा थोडा पद्धतशीर विचार वाचकांपुढें ठेवावा, असा आमचा हेतु आहे.

'डांस' हा शब्द संस्कृत 'दंश' या शब्दापासून आलेला आहे. मात्र संस्कृतांत दंश म्हणजे गोमाशीसारखी मोठी चावरी माशी. आपण ज्याला डांस म्हणतों त्याचें तिकडचें नांव मशक. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत मशकांचे पांच प्रकार सांगितले आहेत : सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण आणि पार्वतीय, आणि पार्वतीयाचा दंश प्राणहारक कीटकांच्या दंशासारखा असतो, असेंहि तेथें म्हटलें आहे. यावरून सुश्रुताला हिंवतापाचे जंतु ठाऊक होते, असें अनुमान मात्र कोणीं काढूं नये. पूर्वजांच्या निरीक्षणाचा अभिमान जरूर बाळगावा. पण त्यांनीं जें सांगितलेंच नाहीं तें त्यांच्या तोंडीं घालणें हा त्यांचा गौरव नव्हे.

हिंवतापाशीं डांसाचा संबंध प्रत्यक्ष डोळ्यांना दिसला तो सन १८९७ मध्यें. त्या वर्षीं २० ऑगस्ट रोजीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरांना डांसाच्या जठराच्या भिंतींत हिंवतापाच्या जंतूंच्या गांठी आढळल्या. हे गृहस्थ जन्मले होते आपल्याकडेच, अलमोड्यास. या शोधाबद्दल त्यांना १९०२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें १९११ सालीं डॉक्टर बेंटले यांनीं मुंबईच्या हिंवतापाची चौकशी करून अहवाल लिहिला, तेव्हां शहरांतील घरोघरच्या विहिरी हेंच तेथील रोगवाहक डांसांचें मुख्य माहेर आहे, असें निष्पन्न झालें. विहिरी बुजविण्याचे किंवा बंदिस्त करण्याचे हुकूम निघाले, आणि धर्मकृत्यांना विहिरीचेंच पाणी लागणाऱ्या हिंदु व पारशी घरांतून मोठी तक्रार उठली. ती तक्रार समजण्यासारखी होती. परंतु या प्रकरणांतील धडा शंभरांवर वर्षें लोटलीं तरी शिळा झालेला नाहीं. डांस बाहेरून येतो असें आपण म्हणतों, आणि तो बहुधा आपल्याच आवारांतल्या पाण्यांत वाढलेला असतो.

आतां या प्राण्याचें आयुष्य पाहूं. डांसाच्या चार अवस्था आहेत : अंडें, अळी, कोश आणि पंख फुटलेला डांस. पैकीं पहिल्या तीन अवस्था पाण्यावांचून पुऱ्या होत नाहींत. अंडें एकदोन दिवसांत फुटतें. अळी चार वेळां कात टाकून वाढते. मग दोनेक दिवस स्वल्पविरामाच्या आकाराचा कोश पाण्यांत उड्या मारीत राहतो, आणि त्यांतून डांस बाहेर पडतो. आमच्याकडील उबदार हवेंत हा सारा प्रवास साधारणपणें सात ते दहा दिवसांत संपतो. नर डांस चावत नाहीं. तो फुलांतील व फळांतील रसावर राहतो. रक्त लागतें तें मादीला, आणि तेंहि अंडीं तयार करण्यासाठीं. एका खेपेस ती शंभराच्या आसपास अंडीं घालते. हा हिशेब ध्यानांत आला म्हणजे, उडणाऱ्या डांसामागें टाळ्या वाजवीत फिरण्यापेक्षां पाण्यांतील अळीला गांठणें किती सोपें आहे, तें वेगळें सांगावयास नको. अळीला पळून जावयास जागा नसते.

शाळेंत असतांना आम्ही मुलांना हा धडा पुस्तकांतून न शिकवितां कांचेच्या पेल्यांतून शिकवीत असूं. अळ्या असलेलें पाणी पेल्यांत घ्यावें, वर पातळ फडकें घट्ट बांधावें, आणि पेला खिडकींत ठेवावा. चारसहा दिवसांत त्या फडक्याखालीं डांस दिसूं लागतात. ज्या मुलानें हें एकदां पाहिलें, तो पुढें जन्मभर साचलेल्या पाण्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहतो. घरांतील मुलांकडून सुट्टींत हा प्रयोग अवश्य करवावा. पेला मात्र शेवटीं वडील माणसानें उकळतें पाणी ओतून रिकामा करावा.

डांसांच्या जाती पुष्कळ, पण गृहस्थाला तीन ओळखतां आल्या म्हणजे पुरे. पहिली ॲनॉफिलीस, ही हिंवताप पसरविते, बहुधा रात्रीं चावते आणि स्वच्छ पाण्यांत वाढते. विहीर, हौद आणि गच्चीवरची टाकी हीं तिचीं शहरांतलीं ठिकाणें. तिची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशीं समांतर, आडवी पडून असते. दुसरी क्युलेक्स, ही गटारें, सांडपाण्याचीं डबकीं आणि मैल्याच्या टाक्या यांत वाढते, रात्रीं कानाशीं गुणगुणते, आणि हत्तीरोगाचे जंतु वाहते. तिची अळी पाण्यांत डोकें खालीं करून तिरपी लोंबते. तिसरी एडीस, काळ्या अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे असलेली. डेंगी, चिकुनगुनिया आणि झिका हे तिन्ही रोग हिच्यामुळें होतात. ही दिवसा चावते. सकाळचा पहिला प्रहर आणि मावळतीच्या आधींचे दोनतीन तास हे तिचे विशेष आवडीचे. हिला गटार नको, नदी नको. कुंडीखालची बशी, करवंटी, जुना टायर, फुलदाणी एवढें तिला पुरतें, आणि जन्मस्थानापासून ती बहुधा शेंदोनशें मीटरांपलीकडे जात नाहीं. म्हणजे ही आपली बागच निवडते, आणि आपल्याच घरांतलीं माणसें.

हे रोग परदेशचे, आपल्याकडे कोठून येणार, असें म्हणण्याची सोय आतां राहिलेली नाहीं. सोलापूर जिल्ह्यांत बार्शी येथें १९७३ सालीं चिकुनगुनियाची मोठी सांथ आली होती. नंतर तो रोग जवळजवळ विसरला गेला, आणि २००५-०६ मध्यें देशभर परत आला. झिकाचा महाराष्ट्रांतील पहिला रोगी २०२१ च्या जुलैमध्यें पुरंदर तालुक्यांतील बेलसर या गांवीं सांपडला. हिंवतापाची हकीकत तर याहून बोधप्रद आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास देशांत वर्षाला साडेसात कोटि लोकांना हिंवताप होई व त्यांतील आठ लाख दगावत, असा अंदाज होता. १९५३ सालीं राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, आणि १९६५ च्या सुमारास रोग्यांचा आंकडा एक लाखावर आला. शत्रु मेला असें समजून सर्वत्र ढिलाई झाली. डांसांनाहि औषधें पचूं लागलीं. आणि १९७६ सालीं तोच आंकडा चौसष्ट लाखांवर गेला. डांसाशीं एकदां लढून भागत नाहीं. घर झाडणें जसें नित्याचें, तसेंच हें.

आमच्या परिचयाचें एक एकत्र कुटुंब आहे. लहानथोर धरून अकरा माणसें. घरच्या आजीबाईंनीं गच्चींत आणि जिन्याच्या कडेनें चाळीसएक कुंड्या जोपासलेल्या. पूजेचीं फुलें, तुळस, दूर्वा, गवती चहा, कढीलिंब, कशासाठींहि बाजारांत जावें लागत नसे. एका भाद्रपदांत त्यांच्या नऊ वर्षांच्या नातवाला डेंगी झाला, आणि पाठोपाठ धाकट्या सूनबाईंना. मुलाच्या रक्तांतील बिंबाणु इतके उतरले कीं, पांच दिवस दवाखान्यांत सगळ्यांचे प्राण कंठाशीं आले होते. दोघेंहि बरीं झालीं. परंतु मोठ्या चिरंजीवांनीं घरीं येतांच फर्मान सोडलें कीं, साऱ्या कुंड्या रविवारच्या आंत बाहेर गेल्या पाहिजेत. आजीबाई कांहीं बोलल्या नाहींत. पण त्यांना अन्न गोड लागेना; नातवाच्या दुखण्याला आपलीच हौस कारण झाली, हें त्यांच्या मनानें घेतलें.

शनिवारीं आरोग्यखात्याचा एक कर्मचारी विजेरी घेऊन घर तपासावयास आला. कुंड्यांखालच्या सात बशांत त्याला अळ्या मिळाल्या, हें खरें. पण त्यानें शीतपेटीच्या मागचें पाणी गळण्याचें तबक ओढून दाखविलें, त्यांतहि अळ्या. उन्हाळ्यानंतर कोपऱ्यांत सारलेल्या कूलरच्या तळाशीं त्याहून अधिक. आणि गच्चीवरच्या टाकीचें झांकण फुटून दोन वर्षें झालीं होतीं. तें बदलण्याचें काम चिरंजीवांकडेच होतें. टाकींतील अळ्यांची तर गणतीच नव्हती. 'बाईसाहेब, झाडानें कांहीं होत नाहीं, पाण्यानें होतें,' एवढें बोलून तो पुढच्या घरीं गेला. कुंड्या राहिल्या, बशा गेल्या, टाकीला नवें झांकण आलें. त्या घरांत आतां दर आठवड्यास तपासणीचा मान आजीबाईंकडे आहे, आणि विजेरी धरण्याचा नातवाकडे.

त्या कर्मचाऱ्याचें वाक्य प्रत्येक बागवाल्यानें मनांत कोरून ठेवावें. आतां पाणी कोठकोठें दडतें, तें क्रमानें पाहूं.

कुंडीखालची बशी शक्य तर काढून टाकावी. ती ठेवणें भागच असेल तर वाळूनें कांठोकांठ भरावी. ओल राहते, पण उघडें पाणी राहत नाहीं. पक्ष्यांसाठीं ठेवलेलें पाणी हें पुण्यकर्म आहे, तें बंद करण्याचें कारण नाहीं. परळ रोज घासून ताजें पाणी भरावें, म्हणजे पक्ष्यांचीहि सोय अधिक चांगली होते. बाटलींत वाढविलेल्या वेलींचें पाणी आठवड्यास बदलावें व मुळ्या धुवाव्या. बागेच्या कुंपणाचे बांबू पेराच्या अगदीं वर कापावे, म्हणजे वर वाटी राहत नाहीं. झाडाच्या ढोलींत पाणी सांचत असेल तर ती वाळूनें किंवा मातीनें भरून काढावी. अळू, केळ, अननस यांच्या पानांच्या बेचक्यांत पाणी राहतें. तेथें आठवड्यास एकदां नळीनें जोराची धार सोडावी. करवंट्या, शहाळीं, रंगाचे डबे, मुलांचीं मोडकीं खेळणीं, जुने टायर हें सारें पावसाच्या आधींच बाहेर काढावें. छपराच्या पन्हळींत पानें अडकून पाणी तुंबतें, तें कोणाच्या नजरेस पडत नाहीं. निर्माल्याची बादली झाडाखालीं ठेवण्याची चाल पुष्कळ घरीं आहे. निर्माल्य रोज खतांत जावें, आणि बादली पालथी घालावी.

येथें एक सूचना महत्त्वाची आहे. एडीसची मादी अंडीं पाण्यांत न सोडतां भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या किंचित् वर चिकटविते. तीं कोरडीं पडलीं तरी कित्येक महिने जिवंत राहतात, आणि पुन्हां पाणी चढलें कीं फुटतात. म्हणून भांडें नुसतें ओतून भागत नाहीं. आंतून काथ्यानें किंवा घासणीनें खरडून घासलें पाहिजे. ओतलेलें पाणीहि गटारांत न सोडतां कोरड्या मातीवर टाकावें, म्हणजे अळ्या तेथेंच मरतात.

हें सर्व आठवड्यांतून एक ठराविक दिवशीं करावें. आरोग्यखातें याला 'कोरडा दिवस' म्हणतें. अंड्यापासून डांस होण्यास सात ते दहा दिवस लागतात, आणि आपण सातव्या दिवशीं भांडें घासतों. त्यामुळें एकाहि अळीला बहुधा पंख फुटत नाहींत. गणित इतकें सरळ आहे. पण एखादा आठवडा चुकला तर तें सारें फसतें, आणि चुकतो तो आळसानें नव्हे, 'दुसऱ्यानें केलें असेल' या समजुतीनें. एकत्र कुटुंबांत दहा जणांचें काम तें कोणाचेंच नसतें. म्हणून आमची सूचना अशी कीं, हा चातुर्मासाचा नेम समजावा. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंतचा काळ आणि डेंगीचा जोराचा काळ जवळजवळ एकच आहे. कोणी कांदालसूण सोडतो, कोणी एकभुक्त राहतो; त्याबरोबरच घरांतील एका माणसानें शनिवारीं सकाळीं साऱ्या घराचें पाणी पाहण्याचा नेम धरावा, आणि नांव ठरवून धरावा.

जें पाणी ओततां येत नाहीं, त्याचा विचार निराळा. जेथें नळ दिवसांतून तासभरच येतो, तेथें पिंपें रिकामीं ठेवा म्हणणें हा अन्याय आहे. अशा पिंपांवर व टाक्यांवर घट्ट झांकण बसवावें, किंवा बारीक कापड ताणून दोरीनें बांधावें. विहिरीला बारीक जाळीचें झांकण असावें. कमळाच्या हौदांत गप्पी मासे सोडावे. पुष्कळ ठिकाणीं आरोग्यखातें ते विनामूल्य देतें. मात्र हे मासे मूळचे परदेशी असल्यामुळें नदींत, ओढ्यांत किंवा गांवतळ्यांत ते कधींहि सोडूं नयेत. तेथील देशी माशांना व बेडकांच्या पिलांना त्यांपासून उपद्रव होतो. हौदांत जलकुंभी वाढूं देऊं नये, कारण मॅन्सोनिया नांवाच्या डांसाच्या अळ्या तिच्या मुळांना चिकटून तेथूनच श्वासाची हवा ओढतात. शोभेच्या हौदासाठीं एका सूक्ष्म जंतूपासून केलेलें औषधहि मिळतें. या जंतूचा शोध १९७६ च्या सुमारास इस्राएलांतील नेगेव्ह वाळवंटांत लागला; त्याचें विष डांसाच्या अळीच्या आंतड्यांवर काम करतें, माणसांना, पक्ष्यांना व माशांना बाधत नाहीं. नांव बी. टी. आय.; प्रमाण वेष्टनावर दिल्याप्रमाणेंच घ्यावें.

मोरीचें पाणी केळीच्या आळ्यांत सोडण्याची आमची जुनी रीत चांगलीच आहे. पण आळें तुंबून डबकें झालें कीं ती क्युलेक्सची शाळा होते. त्यावर उपाय शोषखड्ड्याचा. खड्ड्यांत दगडगोटे व वर खडी भरावी आणि पाणी जमिनींत मुरूं द्यावें. नांदेड जिल्ह्यांतील टेंभुर्णी या गांवानें घरोघर असे खड्डे करून उघडीं गटारें बंद केलीं, आणि डांस हटविणारें गांव म्हणून नांव मिळविलें. मैल्याच्या टाकीच्या हवेच्या नळीला वर बारीक जाळी बांधणें हें पांच मिनिटांचें काम आहे. तें बहुतेक घरीं राहून गेलेलें असतें.

आतां कांहीं समजुतींविषयीं. तुळस, झेंडू, गवती चहा लावल्यानें डांस पळतात, असें वारंवार ऐकूं येतें. त्यांच्या तेलांना डांस कांहीं अंशीं बिचकतात, हें खरें. परंतु नुसतें झाड उभें असल्यानें डांस दूर राहत नाहींत. तुळस लावावी ती तुळस म्हणून. धुराच्या वडीनें डांस कमी होतात, पण एका वडींतून निघणारे सूक्ष्म कण पंच्याहत्तर ते एकशें सदतीस सिगारेटींच्या धुराइतके भरतात, असें मापन झालेलें आहे. तान्ह्या मुलाजवळ किंवा दमेकऱ्याजवळ बंद खोलींत ती लावूं नये. फवारणीच्या गाडीचा धूर त्या घटकेस उडत असलेल्या डांसांनाच मारतो; पाण्यांतील अळीला तो स्पर्शहि करीत नाहीं. सांथीच्या वेळीं त्याचा उपयोग आहे, पण आपला शनिवार चुकविण्याचें तें निमित्त नव्हे. याउलट मच्छरदाणी, खिडक्यांना जाळी, अंगभर कपडे आणि पंखा हे जुनेपुराणे उपाय खरे आहेत. डांस उडण्यांत दुबळा असतो, वाऱ्यापुढें त्याचें चालत नाहीं. पाळण्यावर दिवसाहि जाळी असावी. खिडकीलगतची दाट झुडुपें विरळ करावीं, कारण दुपारीं डांस त्यांच्याच सांवलींत विसावतात.

एवढें करूनहि घरांत ताप आलाच, तर रोग्याला दिवसाहि मच्छरदाणींत ठेवावें. त्याला चावलेली मादी आठदहा दिवसांत इतरांना रोग देण्यास समर्थ होते. त्या मुलामागून सूनबाईंनीं अंथरूण धरलें, यांत आश्चर्य कांहीं नव्हतें. डेंगीचा संशय असतां ॲस्पिरिन व त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या मनानें देऊं नयेत. त्यांनीं रक्तस्राव वाढतो. आणि ताप उतरला म्हणजे धोका टळला असें मानूं नये. ताप उतरतांनाच पोटांत सतत दुखणें, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची तळमळ किंवा ग्लानि दिसली, तर रात्र असली तरी दवाखाना गांठावा.

शेवटीं एक गोष्ट शेजाऱ्यांची. आपलें आवार कोरडें आणि भिंतीपलीकडे उघडी टाकी, तर अर्धें काम बाकीच राहिलें. तेथें तक्रारअर्जापेक्षां हातांतला पेला अधिक काम करतो. आपल्याच घरच्या चार अळ्या पेल्यांत घालून शेजारीं जावें, त्या त्यांच्या मुलांना दाखवाव्या, आणि मग सहज विचारावें कीं, 'तुमच्या गच्चींतहि पाहूं या का?' आमचा अनुभव असा कीं, मोठीं माणसें हो-ना करीत असतांना मुलें जिना चढलेलीं असतात.